घड्याळाच्या वरची रेघ

दाताच्या दवाखान्यात इंजिनिअरसाहेब सुजलेल्या, बधिर गालावर रुमाल दाबून बसले होते. नदीकाठची पूरभिंत त्यांचीच. समोर दोघी बहिणी खिदळत होत्या.

"अगं, रंगाऱ्याने आमच्या घराच्या भिंतीवरची महापुराची खूणच पुसली! आणि दुसऱ्या दिवशी इंजिनिअर ती मोजायला येणार."

"मग गं, ताई?"

"सासूबाई चढल्या स्टुलावर नि ओढली नवी रेघ. खऱ्या जागी तोवर घड्याळ टांगलं होतं. ते काढायचा कंटाळा, म्हणून त्याच्या वर!"

"आणि साहेब?"

"टेप लावली, मान डोलावली, गेले."

"म्हणजे एवढी उंच भिंत…"

"घड्याळापायी!"

"लोक किती ओरडले, गावाचा तुरुंग केला म्हणून!"

"आणि यंदा पाणी काठोकाठ! जुन्या खुणेएवढी बांधली असती, तर गेलो असतो वाहून."

"अगंबाई!"

"परवा साहेब टीव्हीवर म्हणाले, बदलतं हवामान आम्ही आधीच ओळखलं होतं. सासूबाई इतक्या हसल्या, की कवळी पडून फुटली. नवी घ्यायला आलोय."

आतून नवी कवळी मिरवत सासूबाई आल्या आणि थबकल्या.

"अय्या, साहेब तुम्ही! बरे भेटलात. घर पुन्हा रंगवायला काढलंय. आता रेघ कुठे ओढू?"

साहेबांची जीभ वळेना. त्यांनी नुसतं बोट वर केलं, थेट छताकडे.