न धावताच हिरवा

…नाही, पण मला सांगा, जो धावलाच नाही त्याला पहिला नंबर देतात का कुठे? आमच्या ऑफिसात देतात! आणि मी जळत नाही हं, आधीच सांगून ठेवतो. जळायचं कशाला? सख्खा साडू तो माझा, बायकोच्या बहिणीचा नवरा, त्यात एकाच ऑफिसात, त्यात समोरासमोर खुर्च्या, त्यात टीमप्रमुखाची एकच जागा रिकामी… असतं एकेकाचं नशीब!

तर काय होतं, आम्ही प्रोग्रॅम लिहिला की मशीन ओळीनं त्याच्या चाचण्या घेतं आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर चौकोन उमटतात, पास तर हिरवा, नापास तर लाल. मी बापडा प्रोग्रॅमच्या आतल्या इंजिनालाच हात घालणार, म्हणजे झाडून सगळ्या चाचण्या धावणार, त्यातली एखादी तोंडावर आपटणार… लाल! साडू काय करणार? बटणाचा रंग बदलणार. मशीन म्हणतं, यात तपासायचं काय डोंबल, आणि चाचण्या वगळून टाकतं. आणि वगळलेला चौकोन कुठला, तर तोही हिरवा! अख्खी रांग हिरवीगार! साहेब स्क्रीनसमोर उभे राहून, "अहो, शिका जरा साडूंकडून." घरी बायको, "भाऊजी बघा, कसे वेळेवर घरी येतात." मी जळत नाही हं!

शेवटी साहेबांना म्हटलं, वगळलेलं वेगळं दिसू द्या हो. म्हणाले, मग तुम्हीच करा. केलं! सुट्टीचे दिवस घालवून केलं. वगळलेला चौकोन राखाडी, त्यावर ठळक 'वगळलं', खाली कारण. दुसऱ्या दिवशी साडूंची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी, आणि प्रत्येकाखाली, 'कारण: गरज नाही'. म्हटलं, आता कळेल! साहेब चष्मा वर करून वाचतायत, वाचतायत… आणि म्हणतात कसे, "वा! यांचं काम तपासायची गरजच पडत नाही!"

झालं. साडू प्रमुख. मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, साहेब, माझं नाव?

"वगळलं."

कारण?

"गरज नाही." आणि वर हसून, "स्पष्ट दाखवायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

घरी आलो तर बायको फोनवर बहिणीचं अभिनंदन करतेय. फोनवर हात ठेवून मला म्हणते, "तुम्ही जळू नका हं."

अहो, जळायला उरलंय काय? जळून झालं… आता नुसता राखाडी.