जीवधनावरचा रुमाल

जुन्नरला एस.टी. नवी नवी यायची तवाची गोष्ट, राव. पुण्याची दोन पोरं पाठीवर बोजा घेऊन आमच्या घाटघरला चार दिस विसाव्याला आली व्हती. एक दिस सकाळी जीवधन चढली आन दुपारी लंगडत आली, पर तोरा लई!

मला म्हणाली, “भाऊ, काठीला रुमाल बांधून गडावर झेंडा रोवलाय आमी!”

आई तवा रानात व्हती. सांजच्याला डोईवर गवताचा भारा घेऊन अनवाणीच आली. भारा टाकला, कमरेचा रुमाल काढला.

“पावणं, ह्यो तुमचाच ना? वर काठीला अडकला व्हता. येवढ्यासाठी परत कुठं चढता, म्हून आणला.”

पोरं रुमालाकडं बघत राहिली, आन मी माझ्या आईकडं.