टॉफीची मिशी

विज्ञानातले मोठे शोध अफाट बुद्धीच्या बळावर लागतात, अशी मॉरीनची श्रद्धा होती. कॅनबेरातल्या जनावरांच्या दवाखान्यात ती कुत्र्याचं नख दाखवायला बसली आणि श्रद्धेचं वाटोळं झालं. शेजारी एक म्हातारा टोपलीतल्या टॉफी नावाच्या मांजरीला कुरवाळत आपल्या जुन्या विद्यार्थिनीशी बोलत होता.

“डेस, तिला कायमचं झोपवण्याआधी अजून विचार करा.”

“मूत्रपिंडं गेलीत, नायरी. पाणीसुद्धा पीत नाही.”

“आठवतं, प्रयोगशाळेत मेंढ्या पोखरणाऱ्या माशीचं ते एन्झाइम! दोन वर्षं स्फटिक धरत नव्हतं.”

“टॉफीची गळलेली मिशी जुन्या, फसलेल्या स्फटिकांच्या चुऱ्यात बुडवून एन्झाइमच्या थेंबातून ओढली, तर रात्रीत धरलं.”

“माझ्या मांजराच्या मिशीनं काहीच झालं नव्हतं.”

“तुझं मांजर तुझ्यासारखंच आळशी. टॉफीमुळे एन्झाइमच्या आत डोकावता आलं. सेरीन, हिस्टिडीन, ग्लुटामेट, ही तीन अमिनो आम्लं. साखळीत एकमेकांपासून लांब, पण घडी पडली की तिघं खेटून बसतात आणि सगळं काम तेच करतात.”

“तुमच्या घरासारखं.”

“हो. माझी मार्गो, मी आणि ही.”

“मार्गोला जाऊन वर्ष झालं ना?”

“झालं. तिघांतलं एक काढलं तर काय होतं, पोरी? शिकवलं होतं मी.”

“घडी तशीच राहते. काम थांबतं.”

“पास.”

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म भरत विचारलं, “टॉफी कोण? पाळीव, की कामाची? कामाच्या जनावरांना बिलात सूट असते.”

म्हातारा ताठ उभा राहिला. “कामाची.”

“मेंढ्या राखते?”

“मेंढ्यांसाठीच झिजली.”

“तसं नाही हो, आजोबा. कामाची फक्त कुत्री असतात.”