उत्तर द्यायला बंदी

…आणि बंदी कशावर, तर उत्तरावर. हसू नका. पदार्थविज्ञानात विद्यापीठाची पदवी घेतली, पुढचीही घेतली, आयुष्य गेलं सरकारी शाळेत उत्तरं देण्यात, तेवढं एकच काम मला धड येतं, आणि शिक्षण खात्याचे साहेब भर सभेत सांगतात, ‘बाई, यापुढे शिक्षकाने ज्ञान द्यायचं नाही, ज्ञान आतून उमलतं. मुलाने काही विचारलं की आपण फक्त म्हणायचं, तुला काय वाटतं?’ मी म्हटलं, ‘साहेब, त्याला चुकीचं वाटलं तर?’ साहेब गोड हसून म्हणाले, ‘तुम्हाला काय वाटतं?’ घ्या. मला जे वाटलं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं.

नव्या कल्पनांशी माझं वैर नाही हो. मागे आलं, बाकं गोलात मांडा. मांडली, निम्म्या वर्गाची फळ्याकडे पाठ. मग आलं, मुलं आनंदी आहेत का ते दर शनिवारी तपासा. तपासलं, शनिवारी अर्धा दिवस शाळा, सगळी आनंदी. पण या खेपेला मी गप्प बसले, कारण माझा जीव अडकलाय एका खोलीत. आमच्याकडे प्रयोगशाळा आहे. म्हणजे दारावर पाटी आहे, आत मोडक्या बाकांची रास. प्रयोग मी करते वर्गाच्या खिडकीच्या कट्ट्यावर. वारा आला की ज्योत विझते आणि कार्टी म्हणतात, ‘बाई, झालं सिद्ध.’ तर मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, कानाशी येऊन म्हणाल्या, ‘अगं, साहेब तुझाच तास बघायला येताहेत. खूश झाले तर खोली मोकळी करून देतील. एक तास तोंड आवर. जमेल?’ खोलीसाठी मी जन्मभर मौन धरलं असतं.

बरं, मोठ्या बाईंची तयारी काय, तर त्यांनी मुलांकडून उत्स्फूर्त प्रश्नांची तालीम करून घेतली. ‘तू तिसरा उत्स्फूर्त. दुसऱ्याच्या आधी उत्स्फूर्त झालास तर गाठ माझ्याशी आहे.’ प्रश्न सगळे पाठ. उत्तरं मात्र कोणाला सांगितली नाहीत, कारण उत्तर द्यायला बंदी.

साहेब आले, मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मी ताटलीत पाणी ओतलं, मध्ये मेणबत्ती पेटवली, वर काचेचा ग्लास उपडा घातला. ज्योत मिणमिणली, विझली, आणि पाणी सरसर ग्लासात चढलं. पहिला उत्स्फूर्त उठला, ‘बाई, पाणी वर का चढलं?’ मी म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’ झालं, तालीम इथे संपली. पुढचं खरंच उत्स्फूर्त. एक म्हणतो, पाण्याला धूर आवडतो. दुसरी म्हणते, ते विझवायला धावलं पण उशिरा पोचलं. माझी जीभ नुसती वळवळतेय, सगळं सांगायला दोन वाक्यं पुरतात हो, दोन… आणि मला उत्तर द्यायला बंदी.

आणि राहवलं कोणाला नाही, माहितीये? साहेबांना. उठलेच. ‘अरे सोपं आहे, ज्योतीने आतला ऑक्सिजन खाल्ला, जागा रिकामी झाली, तिथे पाणी शिरलं.’ ही चूक इतकी जुनी आहे, तिला निवृत्तिवेतन द्यायला हवं. पण बोलणार कोण? तेवढ्यात आमची वकील, पहिल्या बाकावरची, कोणाचंच पटकन पटत नाही तिला, ती म्हणते, ‘साहेब, मग पाणी ज्योत जळताना चढायला हवं. ते तर विझल्यावर धावलं.’ साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ काय सांगू, पदवीदान समारंभातही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग मला कोणी विचारेचना. ‘ग्लास तोच, हवा तेवढीच, तर तीन मेणबत्त्या लावू, खाण्यावरच असेल तर पाणी तेवढंच चढेल.’ लावल्या. पाणी कितीतरी वर. ‘ग्लास तापलाय बघ.’ ‘झाकताना कडेने बुडबुडे निघाले, मी बघितले.’ साहेब जमिनीवर गुडघे टेकून, बाह्या ओल्या, ‘पुन्हा लावा, पुन्हा लावा.’ घंटा झाली, एक पोर हललं नाही. आणि वकील हळूच, स्वतःशीच म्हणाली, ‘म्हणजे तापलेली हवा आधीच बाहेर पळाली… आणि उरलेली गार होऊन आकसली?’ अंगावर काटा आला माझ्या. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, त्याने कोणाच्याच अंगावर कधी काटा आला नाही, माझ्यासुद्धा. हे आपल्यातच ठेवा.

साहेब निघताना म्हणाले, ‘बाई, खोली दिली.’ आणि शब्दाला जागले. बाकं हलली, रंग लागला, दिवे आले, मोठ्ठी टेबलं आली, पाटी बदलली. आता तिथे ‘शिक्षक प्रशिक्षण केंद्र’ आहे. साऱ्या शाळांचे शिक्षक येतात, आणि मी त्यांच्यापुढे उभी राहून म्हणते, तुम्हाला काय वाटतं?

आमचे प्रयोग खिडकीच्या कट्ट्यावरच. काल वारा आला, ज्योत विझली, आणि आमची वकील म्हणाली, ‘बाई, खोली आपल्याला मिळाली ना? मग आपण इथे का?’

इतका चांगला प्रश्न, हो… आणि मला उत्तर द्यायला बंदी.