मध्यंतरातला तंबू

मावशी : नव्याण्णव साल. दोन हजार नव्हे. पत्रिकेची पहिलीच ओळ चुकवलीत, पुढचं काय वाचायचं?

भाची : दुरुस्त करते गं. पण तू रविवारी येशील ना? त्या स्पर्धेच्या डॉक्टरांपैकी तू एकटीच उरलीस. एवढ्या वर्षांनी पुन्हा सुरू होतेय, आणि ती मी भरवतेय. माझी पहिलीच.

मावशी : व्यासपीठावर कोण? तेच अध्यक्ष?

भाची : त्यांचीच तर कल्पना होती. फुटबॉलच्या निमित्तानं पोरं जमवायची, त्यांच्याशी एचआयव्हीबद्दल मोकळं बोलायचं, तपासणी करून घ्यायची.

मावशी : कल्पना चांगलीच होती. त्यांची होती, हे खोटं. एका संघात किती खेळाडू असतात, ते भाषण करता करता मागे वळून विचारलं होतं त्यांनी. माईक चालू होता.

भाची : असू दे. आखणी ऐक. सामन्याआधी रक्त घ्यायचं, मध्यंतरात तंबूत एकेकाला निकाल सांगायचा. सामना संपला की पोरं पांगतात, मध्यंतरात हातात असतात. अध्यक्ष म्हणाले, तेव्हाही असंच केलं होतं, एक पोरगा सुटला नाही.

मावशी : सुटला नाही! शब्द अगदी बरोबर निवडलाय मेल्यानं.

भाची : का? काय झालं होतं?

मावशी : तूच सांग. निकाल चांगला असला तर सांगायला किती वेळ लागतो?

भाची : मिनिटभर.

मावशी : आणि नसला तर?

भाची : मग बसवून बोलावं लागतं. धीर द्यायचा, पुन्हा तपासायचं, घरी कसं सांगायचं ते... अर्धा तास तरी.

मावशी : मध्यंतर केवढं?

भाची : पंधरा मि... अगं बाई.

मावशी : आलं डोक्यात? दुसरी शिट्टी झाली की मैदानावर कोण परत आलं नाही, ते अख्खी गर्दी बघत असते. मी बैठकीत हेच सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुम्ही फार शंका काढता बुवा." वर्तमानपत्रवाले मध्यंतरात येणार होते. तंबूसमोरची रांग दिसायला हवी होती ना फोटोत.

भाची : मग कोण नाही परत आलं?

मावशी : खांब. गोलकीपर. उंच आणि काटकुळा, म्हणून सगळे खांबच म्हणायचे. बेकरीत भट्टीवर कामाला होता. शिट्टी झाली आणि तुझ्या वडिलांच्या संघाचा गोल रिकामा.

भाची : बाबांच्या?

मावशी : प्रशिक्षक दुसरं कोण होतं? जेवायलासुद्धा शिट्टी गळ्यात घालून बसायचा तुझा बाप.

भाची : मला कधी बोलले नाहीत. उलट टीव्हीवर फुटबॉल लागला की उठून जातात.

मावशी : जाऊ दे. तेवढी तरी लाज आहे.

भाची : म्हणजे खांबला एचआयव्ही होता?

मावशी : छे! ठणठणीत होता. तो स्वतःच हे सगळ्यांना सांगतो, म्हणून तुला सांगतेय.

भाची : मग तंबूत अडकला कशाला?

मावशी : प्रश्न विचारत बसला. तेवढ्या पोरांत त्या एकट्यानं विचारले. निरोध कसा वापरायचा, फाटला तर काय करायचं, दुकानात मागताना जीभ अडखळते तर कसं मागायचं, मित्राला झाला तर त्याच्याशी कसं वागायचं. ज्यासाठी एवढा मांडव घातला होता, ते एका पोरानं मनावर घेतलं, आणि नेमका तोच बदनाम झाला.

भाची : मग सांगून टाकायचं ना, याला काही नाही म्हणून!

मावशी : त्यानं सांगितलं घसा फोडून. कोण ऐकतंय! आणि मी सांगितलं असतं, तर लोक दुसरा शोधायला निघाले असते. होता एक. खरंच होता. त्यानं निकाल ऐकला, माझा हात झटकला आणि पळत मैदानावर गेला, अगदी वेळेत. कोण ते विचारू नकोस. तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

भाची : नाही विचारत. खांबचं काय झालं?

मावशी : मालकानं भट्टीवरून काढलं. गिऱ्हाईक तुटतं म्हणे. पुढच्या रविवारी अंतिम सामना. तुझे वडील त्याला म्हणाले, तू आज बाहेर बस. हा बसला नाही, सरळ जाऊन गोलमध्ये उभा राहिला. तर समोरच्या संघातलं एक पोरगं त्याच्याजवळ फिरकेल तर शपथ! लांबूनच चेंडू टोलवायचे, हा निवांत झेलायचा. कॉर्नरलासुद्धा गोलसमोर शुकशुकाट. आणि प्रत्येकाच्या पाठीवर अध्यक्षांनी छापून घेतलेलं, ही एवढी अक्षरं: 'हात मिळवल्याने एचआयव्ही होत नाही.' ती पाठ त्याच्याकडे करून पळत होते गाढव.

भाची : आणि बाबांचा संघ जिंकला.

मावशी : जिंकणारच. गोल करायला माणूस गोलजवळ तर जायला हवा. तुमच्या कपाटातला तो चषक त्याच सामन्याचा. बक्षीस देताना अध्यक्षांनी सगळ्यांशी हात मिळवले. खांबची पाळी आली, तेव्हा नेमका रुमाल काढून घाम पुसायला लागले.

(भाचीचा फोन वाजतो. ती तो स्पीकरवर ठेवते.)

अध्यक्ष : काय, तंबूचं ठरलं का? मध्यंतरातच ठेवा हं. कॅमेरेवाल्यांना सांगून ठेवलंय.

भाची : नाही सर. मैदानावर निकाल द्यायचा नाही. सोमवारपासून दवाखान्यात, ज्याला त्याला वेगळी वेळ. आणि निकाल काहीही असो, प्रत्येकाला सारखाच वेळ बसवायचं.

अध्यक्ष : मग रविवारी फोटो कशाचे काढायचे?

भाची : फुटबॉलचे.

अध्यक्ष : अहो, निम्मी पोरं दवाखान्यात फिरकणार नाहीत!

भाची : ती का येत नाहीत, ते त्यांना विचारू. त्यांना चव्हाट्यावर उभं करणार नाही.

अध्यक्ष : तुम्ही नवीन आहात. आयोजक बदलायला मला एक फोन पुरतो, लक्षात ठेवा.

मावशी : दे इकडे. अध्यक्ष, मी बोलतेय. शंका काढणारी डॉक्टरीणबाई. फोन खुशाल करा. मग व्यासपीठावर मीही येते, आणि माईक चालू असताना बोलते.

अध्यक्ष : ...तुम्ही आहात होय तिथे. बरं, बघू. करा तुमच्या मनासारखं.

भाची : ठेवला. मावशी, काढतील ते मला. आज नाही तर पुढच्या वर्षी.

मावशी : काढू देत. सोमवारी दवाखान्यात बसायला त्यांची परवानगी लागत नाही. मी येऊन बसते.

भाची : बाकीच्यांचं पुढे काय झालं गं?

मावशी : अध्यक्षांचं काय व्हायचंय? भिंतीवरचे फोटो वाढले. तुझ्या वडिलांनी शिट्टी काढून ठेवली, ती कायमची. संघ वर्षाच्या आत मोडला. तो दुसरा मुलगा पुढे मागच्या दारानं यायचा माझ्याकडे. औषधं तेव्हा त्याच्या आवाक्यातली नव्हती. ती स्वस्त होईपर्यंत काही तो राहिला नाही.

भाची : आणि खांब?

मावशी : परगावी गेला. आता स्वतःची बेकरी आहे, दोन मुली आहेत, संध्याकाळी पोरांना गोलकीपिंग शिकवतो. मागच्या वर्षी बसथांब्यावर भेटला. मला वाटलं, तोंड फिरवील. पण जवळ आला आणि एकच विचारलं.

भाची : काय?

मावशी : "माझ्यानंतर तंबूत आलेल्या पोरांनी तुम्हाला काही विचारलं का हो?"

भाची : तू काय सांगितलंस?

मावशी : खरं तेच. दिवसभर सामने होते, पोरं येत राहिली. पण खुर्चीवर कुणी टेकलंसुद्धा नाही.