गावाकडची लाल फळं

रविवारी दुपारी काशीगावातल्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. सकाळच्या जंगलफेरीतली कुसळं दोघांच्याही कपड्यांना अजून चिकटलेली होती.

“जीभ अजून बधिर आहे?”

“आहे थोडी. हळू बोल, अनसूया.”

“आधी फेरीला नेणाऱ्या त्या क्षितिजाला फोन करा. तिच्या ग्रुपमध्ये तुम्ही सगळ्यांना वाटलीत ती फळं.”

“उगाच घाबरतील गं लोक.”

“ती सांगत होती, झाडाचं काही तोडू नका, तोंडात घालू नका. तुम्हीच म्हणालात, आम्ही गावाला ओंजळीने खायचो.”

“म्हणालो.”

“मग आज तुम्हालाच कसं बाधलं?”

“नंबर लागेपर्यंत बघू. डॉक्टर काय म्हणतात ते तरी ऐकू.”

“त्या पिवळ्या टोपीवाल्या छोकरीनेपण खाल्ली. दोन.”

“तिने? कधी?”

“तुम्ही ‘खा गं, गोड असतात’ म्हणालात तेव्हा.”

“फोन दे इकडे… हॅलो, क्षितिजाताई? उत्तम बोलतोय. ती लाल फळं ज्यांनी खाल्ली त्यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. त्या छोट्या मुलीला पहिलं… नाही हो, नाव नाही माहीत… नाही, मी पण आधी कधीच नव्हती खाल्ली. माझा जन्म परळचा, ताई. गाव मी पाहिलेलंच नाही.”