गाडीखालचं तळं

अहो, थेंबच तर होते! आता तुम्हीच सांगा, चार थेंबांसाठी कोणी सगळं घरदार अंगणात आणून उभं करतं का? पण आमच्याकडे करतात... आणि मी पडले नवी!

म्हणजे झालं काय, माझे आईबाबा निघाले होते दादाकडे, कायमचे, सातासमुद्रापार, घर विकलं, कुंड्यासुद्धा शेजाऱ्यांना वाटून टाकल्या, आणि आईने बजावलं होतं, "तू दिसल्याशिवाय विमानतळाच्या आत पाऊल टाकायची नाही मी." आम्ही वेळेवर तयार! सासरे इतके चांगले, तुम्हाला सांगते, सूनबाईला उकडू नये म्हणून गाडी सुरू करून त्यांनी आधीपासूनच एसी लावून ठेवला. तिथेच घात झाला! मी दार उघडतेय तोच सासूबाई ओरडल्या, "अगं बाई, गाडी गळतेय!"

खाली बशीएवढं ओलं. झालं! इंजिन बंद, नवरा गुडघ्यांवर, सासरे पोटावर, आणि फोनच्या पडद्यावर नणंदेचे यजमान, जे विमा विकतात पण सल्ला कशाचाही देतात. "बोट लावून वास घ्या! गोडसर येतो का?" "नाही येत." "मग ब्रेकचं तेल!" "तेलकट नाही हो." "अरे बापरे, मग तर फारच गंभीर!"

मी हळूच म्हटलं, "एसीचं पाणी असेल, आमच्या बाबांच्या गाडीचंही..." तर नवरा गाडीखालूनच, "तू थांब गं जरा, इथे ब्रेकचा प्रश्न आहे." थांबले. मी पडले नवी!

मग एसी बंद, थेंब बंद. "बरी झाली!" एसी चालू, थेंब चालू. "परत बिघडली!" शेवटी खाली पातेलं ठेवलं, तेही लग्नात मला मिळालेलं, कोरं. म्हटलं, टॅक्सी बोलावू का? तर सासूबाई म्हणाल्या, "व्याह्यांना निरोप द्यायला भाड्याच्या गाडीने? काय म्हणतील ते!" काय म्हणतील? ते बिचारे फोनवर एवढंच म्हणत होते, "कुठवर आलीस?" आणि मी प्रत्येक वेळी, "गाडी जरा बघतायत, निघालोच..."

मेकॅनिक आला, वाकला, हसला. "एसीचं पाणी आहे. सगळ्याच गाड्यांचं पडतं. जा बिनधास्त." तुम्हाला वाटेल, निघालो. छे! "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं," सासूबाई त्याला म्हणाल्या. आणि चहा कोण करणार? घरात नवी कोण आहे? दूध वर येईना, बाई, काही केल्या वर येईना...

निघालो एकदाचे. अर्ध्या वाटेत बाबांचा फोन. "आत जावं लागलं गं, रांग फार होती. आई मागे बघत बघत चालली, तर खांबालाच धडकली!" हसले ते. म्हणजे हसल्यासारखा आवाज काढला. मग म्हणाले, "गाडी बरी आहे ना पण?"

"ठणठणीत आहे, बाबा."

फोन ठेवला. शेजारी सासूबाई, समोर नवऱ्याची मान, कुणाचीच चूक नाही, सगळेच मायेचे, मग भांडू तरी कुणाशी? पुढच्या सीटवरून सासरे मागे वळले, माझ्याकडे बघतच राहिले, आणि अगदी पोटतिडकीने म्हणाले, "अगं सूनबाई, चेहरा किती ओला झालाय! फार उकडतंय का? एसी वाढवू?"

म्हटलं, "वाढवा."